निळी बोटं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही.

तिथल्या राजाचं दूध आधी एक सेवक चाखत असे. एका सकाळी घोट घेताच तो तडफडून मेला. राजाची भीतीनं गाळण उडाली. वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, हे विष ज्यानं हाताळलं, त्याची बोटं निळी पडणारच. कितीही धुतली तरी रंग जायचा नाही."

शिपाई सुटले. महालात कशाला बघायचं? तिथली तर सगळी आपलीच माणसं! त्यांनी बाजारातून निळ्या बोटांची एक पोर धरून आणली. रंगारी आळीतली होती ती, निळीच्या रांजणात कापड बुडवणारी.

"दिवस मावळताच फाशी द्या," राजा म्हणाला.

पोरीची आई धावत आली आणि राजाच्या पायाशी कोसळली. "मायबाप, हे माझे हात बघा! आमच्या आळीत निळ्या बोटांशिवाय माणूस मिळायचा नाही. जिथं कुणाचीच बोटं निळी नसतात, तिथं ती सापडली तर संशय घ्या. एकदा महालातल्यांचे हात बघा."

"विष घालणाऱ्याची बोटं निळी, हिचीही निळी. झालं तर मग!" राजा ओरडला. "आणखी बोललीस तर सगळी आळी फासावर जाईल."

बाईनं आळीत येऊन ही धमकी सांगितली. आळीतली दारं धडाधड बंद झाली. जो तो राखेनं हात घासत बसला. कातडी सोलवटली, पण निळा रंग काही जाईना.

महालात मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गुन्हेगार सापडला, आता चाखायला माणूस कशाला? दिवस मावळायच्या बेतात असताना राजानं सरबताचा पेला सरळ तोंडाला लावला. पेला देणाऱ्या नोकराची बोटं निळी होती. चारचौघांना ती दिसलीही असतील, पण आता बघतंय कोण!

राजा कोसळला, तेव्हा कुठे राणीची नजर त्या बोटांवर गेली. राजा काही वाचला नाही. राणीनं तिथल्या तिथं घोडेस्वार पिटाळला. तो पोहोचला तेव्हा पोरीच्या गळ्यात फास पडला होता, पायाखालचा पाट तेवढा ओढायचा राहिला होता.

पोर जिवंत घरी आली. पण पुढे कितीतरी वर्षं, शिपाई दिसला की ती हात पाठीमागे लपवायची.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: गुन्हेगाराच्या अंगावर खूण असली, तरी खूण असलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो.