गुळाच्या गाड्यात महाराज

"गाड्यातली गुळाची एकही ढेप काढायची नाही. ढेपेला अंग लावायचं नाही. आमच्या खजिन्यातली फुटकी कवडी खर्चायची नाही. आणि त्याच गाड्यात तीन माणसांनी सुखाने झोपायचं! आठ दिवसांत करून दाखव, नाहीतर तुझी बैलजोडी आमच्या गोठ्यात!"

करंजखोपच्या राजा दळभंजनाने खेमाजी गाडीवानाला असं फर्मावलं. बिचाऱ्याचं चुकलं एवढंच, की तो दरबारात खरं बोलला. राजाचा गूळ बंदरावर न्यायचा तर घाटमाथ्यावर मुक्काम पडायचाच. तिथे ना झाड, ना आडोसा. गाडीवान बायकापोरांसह दवात कुडकुडत पडायचे. "माथ्यावर एक धर्मशाळा बांधा, म्हाराज," एवढंच तो म्हणाला होता.

पण दळभंजन म्हणजे हट्टाचा पुतळा! "बंद गाडा दिलाय ना? चारी बाजूंनी फळ्या, वर छप्पर! अजून काय राजवाडा हवा? त्यातच झोपा!" आणि वर या अटी.

खेमाजी डोक्याला हात लावूनच घरी आला. त्याची लेक सगुणा चाकाला वंगण घालत होती.

"काय झालं, आबा?"

"बैलं गेली गं सगुणे! गेलीच म्हन!"

त्याने सगळं सांगितलं. सगुणेने वंगणाचा हात पुसला आणि विचारलं, "ढेपांचं थर किती लावता?"

"चार. पाचवा लावला की खालची ढेप फुटती."

"मंग वरची जागा?"

"रिकामीच की! पन हवेत कोन झोपतंय?"

"शेतात बाया कामाला लागल्या की तान्ही पोरं कुठं झोपत्यात?"

खेमाजीच्या डोळ्यांपुढे बाभळीला टांगलेल्या झोळ्या आल्या. "अगं, पन आपन काय तान्ही हाय का?"

"बैलं पायजेत का न्हाई?"

बैलं हवी होतीच. बापलेकीने घरातली जुनी गोणपाटं दुहेरी शिवली, गाड्याचेच दोर घेतले आणि छपराच्या वाशांना तीन झोळ्या बांधल्या. खाली ढेपा चार थर, वर झोळ्या, मध्ये वीतभर अंतर. खर्च काय तो सुतळीच्या एका गुंडीचा, आणि तीही शेजारणीची.

आठव्या दिवशी राजा स्वतः घाटमाथ्यावर हजर! सोबत कारभारी नागोपंत आणि चार शिपाई. राजाने गाड्याचं दार उघडून आत डोकावलं.

"हे काय? वाळत घातलेली गोणपाटं? यात माणूस झोपतो?"

"म्हाराजांनी निजून बघावं," सगुणा म्हणाली.

"आम्ही? गोणपाटात?"

"भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या!"

झालं! राजाने पगडी नागोपंतांच्या हातात दिली. चार शिपायांनी महाराजांना उचलून झोळीत घातलं. आधी एक पाय या बाजूने बाहेर आला. तो आत ढकलला तर पोट त्या बाजूने बाहेर! तिसऱ्या खेपेला महाराज कसेबसे मावले.

"हाक गाडा!" आतून गर्जना झाली. "घाट उतरेपर्यंत आमचा डोळा लागला तर तू जिंकलीस. पण लागणार नाही, लिहून ठेव!"

घाटाची वाट दगडाधोंड्यांची. गाडा दणादण आपटत होता, पण झोळी आपली डुलत होती संथ! त्यात गुळाचा गोड वास. पहिल्या वळणाला आतून "हं! हं!" असं ऐकू आलं. दुसऱ्या वळणाला असं काही घोरणं सुरू झालं की करवंदीच्या जाळीतले पक्षी उडाले. शिपायांनी हसू दाबायला मुंडाशाची टोकं तोंडात कोंबली.

सगुणा मात्र भाकरीची थाळी घेऊन गाड्याच्या दाराशी आली आणि तिने ती ठणाणा वाजवली.

"म्हाराज, माथ्यावर गाडीवानांची धर्मशाळा बांधायची! हरकत हाय का?"

"घर्रर्र!"

तिने दुसऱ्यांदा विचारलं. "घर्रर्र!" तिसऱ्यांदा विचारलं, तर नुसती शिट्टी!

नागोपंतांचा चेहरा पडला. करंजखोपचा रिवाजच होता, की राजासमोर एखादी गोष्ट तीनदा पुकारली आणि राजाने नाही म्हटलं नाही, तर तो हुकूम झाला. खुद्द नागोपंतांनी आपल्या मेव्हण्याला पाटीलकी अशीच मिळवून दिली होती. आता बोलणार काय?

घाटाखाली गाडा थांबला आणि महाराज बाहेर आले. गालावर गोणपाटाची नक्षी उमटली होती, केस ताठ उभे होते.

"झोपलो? छे! आम्ही नुसते डोळे मिटले होते. अगदी टक्क जागे होतो! शिपाई, बैलं सोडा!"

खेमाजीने बैलाच्या गळ्याला मिठीच मारली. त्याला रडूच कोसळलं. लहान वासरं असल्यापासून त्याने ती जोडी वाढवली होती.

सगुणेने वाकून मुजरा केला. "म्हाराज जागं व्हतं? लई बेस झालं! मंग धर्मशाळा मंजूर. तीनदा पुकारलं, म्हाराजांनी एकदाबी न्हाई म्हटलं न्हाई. कारभारी साक्षीला हायेत!"

"पण आम्ही ऐकलंच नाही!"

"जागं आसून?"

राजाने नागोपंतांकडे पाहिलं. नागोपंत आभाळाकडे पाहत होते.

"झोपला आसाल तर बैलं आमची," सगुणा म्हणाली. "जागं आसाल तर धर्मशाळा आमची. काय त्ये म्हाराजांनीच सांगावं!"

राजाच्या कपाळाला आठी पडली. मग मिशी हलली. मग पोट हलायला लागलं आणि महाराज असे खो खो हसत सुटले की शिपायांच्या तोंडातली मुंडाशीही बाहेर पडली!

"बैलं तुमची आणि धर्मशाळाही तुमची!" डोळे पुसत राजा म्हणाला. "नागोपंत, उद्यापासून माथ्यावर दगड पोचले पाहिजेत. आणि आमचा घोडा तुम्हीच घेऊन या."

"आणि महाराज?"

"आम्ही?" राजाने पुन्हा एक तंगडी गाड्यात टाकली. "पोरी, बंदर अजून किती लांब आहे गं? बैलांना म्हणावं, सावकाश चला!"