मोहखळीचं न संपलेलं लग्न

फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरावरचे साग तेव्हा इतके जाड होते, की एका झाडाला कवेत घ्यायला चार गडी लागायचे. त्या सागांच्या पोटात, ओढ्याच्या वरच्या अंगाला वारल्यांचा एक पाडा होता. त्याचं नाव मोहखळी. कुडाच्या भिंतींची घरं, उतारावर नाचणी, पलीकडे मोहाची झाडं आणि डोंगराच्या टोकावर वाघदेव. माणसं तिथं कधीपासून राहत होती, हे कुणालाच सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हातारे म्हणायचे, "आधी डोंगर आला, मागून आम्ही आलो. मध्ये कोणी आलं नाही."

त्या पाड्यावर सुकरी नावाची धवलेरी राहायची. धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. तिथं लग्नाला भट लागत नाही. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसवतात आणि धवलेरी तिच्यासमोर गाते. ती गाते तोवर लग्न चालतं. सुकरीचा आवाज असा होता, की ती गायला लागली की चरणाऱ्या गाईसुद्धा तोंडातला घास तसाच धरून उभ्या राहायच्या, असं म्हणतात.

साऱ्या डोंगराची लग्नं तिनं लावली. तिचं स्वतःचं मात्र लागलं नव्हतं. शिडवा नावाच्या मध काढणाऱ्या माणसाबरोबर तिनं जन्म काढला होता. लेकरं झाली, नातवंडं झाली. आधी मांडवापुरते तांदूळ जमले नाहीत. जमले तेव्हा प्रश्न पडला, गाणार कोण? आपल्याच लग्नात आपण कसं गायचं? शिडवा हसून म्हणायचा, "राहू दे. आपलं बिनगाण्याचं बरं चाललंय." पाड्यावर कुणाला याचं काही वाटायचं नाही. अशी घरं तिथं पुष्कळ होती. संसार आधी, लग्न सवडीनं.

मग एकदा राजाला साग हवे झाले. घोड्यावर बसून एक साहेब आला. त्यानं पाडा पाहिला, झाडं पाहिली आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हे सरकारी जंगल आहे. मोहखळी नावाचं गाव दरबारात कुणाला ठाऊक नाही. शिमगा झाला की घरं पाडणार. तोवर खाली उतरा."

खाली उतरा म्हणजे सावकाराच्या शेतावर वेठीला जा. हे सगळ्यांना कळलं. पाड्याचा कारभारी नवश्या पुढं आला. हात जोडून म्हणाला, "सायब, आम्ही इथं नाही, तर तुम्ही बोलताय कुणाशी?"

साहेबाला राग आला. "गाव असतं तर गावासारखं काही दिसलं असतं! देऊळ नाही, चावडी नाही. तुमची तर लग्नंसुद्धा झालेली नाहीत. आज इथं, उद्या तिथं. याला गाव म्हणत नाहीत."

साहेब गेला. बायका रडायला लागल्या. काही जण भांडी गोळा करायला लागले. सुकरी ओढ्याकाठी जाऊन बसली. उन्हं चढेतो ती तिथंच होती. मग उठली, पाड्यात आली आणि म्हणाली, "लग्नं नाहीत म्हणतो ना? मग लावू या. सगळ्यांची. एकदम."

"तांदूळ कुठं आहेत?" नवश्यानं विचारलं.

"ज्याच्या घरात मूठ आहे, त्यानं मूठ आणा."

पाड्यावर एकच घाई उडाली. उंबराची फांदी आणून मांडव घातला. सुवासिनींनी भिंती गेरूनं सारवल्या आणि चौक लिहायला घेतले. एरवी चौक लग्नघरी लिहितात. सुकरीनं सांगितलं, "एकही भिंत कोरी ठेवायची नाही." तेव्हा घराघरावर पालघट देवी बसली, तिच्याभोवती झाडं, मोर, माकडं, नाचणारी माणसं. मुठीमुठीनं जमलेले तांदूळ एका रांजणात ओतले. त्या रांजणातून सारा पाडा जेवला, शेजारचे पाडे जेवले, आणि रांजण काठोकाठ भरलेलाच राहिला, असं म्हणतात.

शिमगा झाला. साहेब गडी घेऊन आला. गड्यांच्या खांद्यावर पहारी होत्या. पाहतात तर मांडवात हळद लावलेल्या जोड्याच जोड्या! तरण्या पोरी होत्या, पोटुशा बायका होत्या, नातवंडं मांडीवर घेऊन बसलेले दात पडलेले नवरदेव होते. आणि सुकरी गात होती.

"पाडा घरं," साहेब म्हणाला.

गडी हलले नाहीत. तेही खालच्या पाड्यांवरचे वारलीच होते. त्यातला एक जण पहार खाली ठेवत म्हणाला, "सायब, भिंतीवर देव बसलाय. धवलेरी गातेय. गाणं चालू असताना या भिंतीला हात लावला, तर आमचा हात झडेल."

साहेबानं आरडाओरडा केला, चाबूक काढला. गडी जमिनीकडे बघत उभे राहिले. अखेर तो वैतागून म्हणाला, "बरं. हिचं गाणं संपू द्या. संपलं की पाडायचं. मंजूर?"

"मंजूर," गडी म्हणाले.

सुकरीनं हे ऐकलं. तिनं डोळे मिटले आणि गाणं लांबवलं.

आधी तिनं देवांना लग्नाला बोलावलं. मग डोंगरांना बोलावलं, एकेकाचं नाव घेऊन. मग ओढ्यांना, पाणवठ्यांना, झाडांना, आणि त्या झाडांखाली पुरलेल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. साहेबानं तंबू ठोकला. त्याची दाढी वाढली, घोडा गवत खाऊन लठ्ठ झाला. मोहाची फुलं गळून झाली, करवंदं पिकली. गाणं चालूच होतं. कोणी म्हणतं ती महिनाभर गायली, कोणी म्हणतं पाऊस येईतो. मोजत कोण बसलं होतं?

मग एका सकाळी तिचा घसा बसला. ओठ हलत होते, आवाज येईना. साहेब तंबूतून धावत बाहेर आला. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात मांडवातली एक नवरी पुढची ओळ गायला लागली. तिच्या शेजारची गायला लागली. सुकरीनं ज्यांची ज्यांची लग्नं लावली होती, त्या साऱ्या बायका गायला लागल्या, आणि समोरचा डोंगरही त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणू लागला, असं म्हणतात.

शिडवा उठला. त्यानं मधाचं बोट सुकरीच्या ओठांना लावलं आणि म्हणाला, "आता गाणारं दुसरं कुणी आहे. चल."

म्हातारी लाजली. पोरींनी तिला ओढतच चौकासमोर नेलं, हळद लावली. सुकरीचं लग्न लागलं ते असं. ती रडली, आणि मधानं की रडण्यानं, तिचा घसा मोकळा झाला. तिनं पुन्हा गाणं हाती घेतलं.

इकडे एवढा उशीर का, म्हणून दरबारातला मोठा साहेब स्वतः डोंगर चढून आला. त्याच्या एका शब्दावर माणसं सुटत आणि एका शब्दावर अडकत. एकदा बोललेला शब्द तो परत घेत नसे. नवश्यानं त्याला घोंगडीवर बसवलं. पानावर भात वाढला. दमलेला माणूस, पोटभर जेवला. भिंतीवरचे चौक पाहिले, जोड्या पाहिल्या.

तेव्हा सुकरीनं नवं कडवं रचलं. पूर्वी ते कुणी गायलं नव्हतं. ती एकेका पाहुण्यासमोर जाऊन गाऊ लागली:

"पाहुण्या रं पाहुण्या, कुणाचा भात जेवलास?
कुणाच्या गावात लगीन लागलं, गावाचं नाव घे!"

पाहुणे उत्तर देत होते, "मोहखळीच्या!" असं करत ती मोठ्या साहेबासमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, हा लग्नातला खेळ. तोही हसून मोठ्यानं म्हणाला, "मोहखळीच्या गावात!"

सुकरी तिथंच थबकली, शेवटचं कडवं बाकी ठेवून. सारा मांडव त्याच्याकडे वळला.

घोड्यावरचा साहेब घाबरून पुढं आला. "हुजूर, हे गाव नाही. इथं गाव नाहीच आहे."

मोठ्या साहेबानं हातावरची शितं पाहिली. मग विचारलं, "गाव नाही? मग मी आत्ता कुणाच्या दारात जेवलो?"



"मी जे नाव घेतलं, ते घेतलं," मोठा साहेब म्हणाला. त्याच दिवशी त्यानं पाड्याच्या चारी अंगांना शिवेचे दगड पुरून घेतले. जमीन, पाणवठे, मोहाची झाडं, मधाचे कडे, पुरलेली माणसं, सगळं शिवेच्या आत आलं. दगड पुरायला पहारी त्याच होत्या आणि गडीही तेच.

निघताना तो म्हणाला, "बाई, आता तरी गाणं संपव. शेवटचं कडवं म्हण."

सुकरी म्हणाली, "नको सायब. ते राहू दे. तुमच्या मागून दुसरा सायब येईल."

आणि ते कडवं तिनं कधीच म्हटलं नाही. मरतानासुद्धा नाही.

दुसरा साहेब आलाच. तिसराही आला. राजा गेला, राज्य बदललं, कायदे बदलले. दर खेपेला कोणी ना कोणी डोंगर चढून यायचं आणि विचारायचं, हे गाव कधीचं? परवा परवा वनहक्काची मोजणी झाली, तेव्हाही सरकारी पोरं यंत्रं घेऊन आली होती. बायकांनी त्यांना आधी घोंगडीवर बसवलं, भात वाढला, मग हात धुवायला पाणी देता देता सुकरीचाच प्रश्न विचारला, कुणाच्या गावात जेवलात? पोरांनी नाव घेतलं. मग सगळे मिळून शिवेवर गेले. मोजणी झाली, हक्क मिळाला.

मोहखळीत आजही लग्नं लागतात. धवलेरी गाते आणि शेवटच्या कडव्याशी येऊन थांबते. ते कडवं कुणी म्हणत नाही. नवरानवरी तशीच उठतात, कारण सुकरीनं मांडलेलं लग्न अजून चालू आहे, आणि लग्न चालू असलेलं घर कुणी पाडत नाही. मग धवलेरी डोंगराकडे तोंड करून विचारते, "कुणाच्या गावात लगीन लागलं?"

सारा मांडव उत्तर देतो. आणि थोड्या वेळानं, डोंगरही.