लाल काचांचा चष्मा

“मग तिला झालंय तरी काय?”

नानासाहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बाहेर धुकं उतरलं होतं. डोंगरावरच्या त्या क्षयरोग इस्पितळात दुपारचे तीन वाजले तरी पहाटच वाटायची.

“काहीच झालेलं नाही, सर,” निनाद म्हणाला. “बेडका साफ. छातीची एक्स-रे फिल्म साफ. टीबीसाठी हातावर टोचून पाहिलं, तेही साफ. टायफॉइड नाही, मलेरिया नाही.”

“आणि ताप?”

“तो आहे.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा असेल. तीही घरी सोडा म्हणतेय. डिस्चार्जचा कागद लिहून आणलाय. तुमची सही हवी.”

निनाद भोईटे सुवर्णपदक मिळवून आलेला डॉक्टर. पदक घरी कपाटात होतं, पण त्याची चाल बघितली की वाटायचं, खिशातच आहे.

नानासाहेब खांबेटे सत्तरी ओलांडलेले. निवृत्त झाले तरी संस्थेने त्यांना जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला…

मग टेबलावर ठेवला आणि खणातून लाल काचांचा एक जुना चष्मा काढला.

“घाल.”

“हा कसला, सर?”

“आमच्या वेळी अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या पडद्यावर छाती बघायचो. आधी वीस मिनिटं हा घालून बसायचं. डोळे अंधाराला तयार होतात. घाल आणि तिला घेऊन ये.”

निनादने चष्मा घातला. धुकं लाल झालं, खाटा लाल झाल्या. ती पेशंट, कौसल्या, सिस्टरच्या हाताला धरून हळूहळू चालत आली, तीही लाल. सगळं कुठेतरी पाण्याखाली चाललंय असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असंही वाटलं.

अंधाऱ्या खोलीत सिस्टरने कौसल्येच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकले, दिवा मालवला आणि ती दाराशी बसली.

“वीस मिनिटं लागतील,” नानासाहेब म्हणाले.

“तोवर मी वॉर्डात एक चक्कर…”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बस.”

निनाद बसला. लिहायला उजेड नव्हता, घड्याळ दिसत नव्हतं. जुन्या फिल्मांचा आंबूस वास येत होता. कोणाचा श्वास कोणता, तेही कळेना.

बऱ्याच वेळाने कौसल्या बोलली.

“डागदर हाईत का गेलं?”

“आहे,” निनाद म्हणाला.

“मला वाटलं गेलासा. रोज जातासा.”

“काही त्रास होतोय का, बाई?”

“डोस्कं लई ठणकतंय. दोन दिस झालं. मान बी वळंना.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी लिवत व्हतासा. मग फुडच्या खाटंवर गेलासा.” ती म्हणाली. “आन् सांगितलं असतं तर घरी सोडलं असतं व्हय? चार म्हयन्याचं लेकरू हाय माजं. शेळीच्या दुधावर पडलंय.”

निनादने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“घरात कोणी खोकत होतं का?”

“सासरं. खोकून खोकूनच गेलं दिवाळीला. उशाशी मीच असायची.”

नानासाहेबांनी अंधारातच त्याच्या हातात डोळा तपासायची बॅटरी दिली. “आता चष्मा काढ. बघ.”

निनाद वाकला. तिच्या डोळ्याच्या तळाशी नारिंगी उजेड होता, पहाटेच्या आभाळासारखा. त्यावर फिकट पिवळे ठिपके. एक… दोन… चार.

कोणीतरी मूठभर बाजरी फेकावी आणि चार दाणे इथवर यावेत, तसे.

टीबी रक्तात उतरला होता. तो असा उतरला की बाजरीच्या दाण्यांएवढा होऊन सगळीकडे पसरतो, फुप्फुसात, यकृतात, मेंदूवरच्या आवरणात. बेडका साफ येतो. फिल्मवर दाणे दिसायला कधी कधी आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे माणसाकडे नसतात.

निनादने बाहेर येऊन तो कागद फाडला.

त्याच संध्याकाळी तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. रात्र व्हायच्या आत औषधं सुरू झाली. पहिले आठ दिवस ती भ्रमात होती. निनादला भाऊ समजून म्हणायची, “दादा, लेकराला टोपडं घाल.” तो म्हणायचा, “घातलं.” आणि तिच्या खाटेजवळून उठायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला. तिने भाकरी मागितली.

त्या दिवशी निनाद छातीची नवी फिल्म घेऊन नानासाहेबांकडे धावत गेला.

“सर, हे बघा! दोन्ही फुप्फुसं दाण्यांनी भरलीत. मरत होती तेव्हा फिल्म साफ, आणि आता बरी होतेय तर ही अशी!”

“मला नको दाखवूस,” नानासाहेब म्हणाले. “तू सांगतोस तेवढं पुरे.”

“का?”

“मोतीबिंदू. यंदा फारच वाढलाय.”

“म्हणजे त्या दिवशी… तुम्हाला काहीच दिसत नव्हतं?”

“नाही.”

“मग तिला अंधारात न्यायचं, डोळ्यात बघायचं… तुम्हाला कळलं कसं?”

नानासाहेब खिडकीकडे वळले. धुकं आता काचेला टेकलं होतं.

“कळलं नव्हतं. सही कुठे करायची तेच दिसेना,” ते म्हणाले. “म्हटलं, थेंबांच्या निमित्ताने जरा बसू तिच्यापाशी.”