आवडीचा कातळ आणि गावाची पीडा

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांना स्वतःचं नाकही पुसता येत नव्हतं तेव्हा, सडेवाडी कातळावर बसलेली होती. अजूनही बसलेली आहे, उठून जाणार कुठे. गावात देव होता, विहीर होती, भांडणं तर पोत्यानं होती. नव्हती ती माती. असं म्हणतात की खालच्या मळ्यातून वर आलेला माणूस अंगणात पाय झटकायचा, आणि झटकलेली माती शेजाऱ्यानं उचलू नये म्हणून तिच्यावरच बसून राहायचा.

त्या गावात आवडी नावाची बाई होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी दाराला कडी घालायलाही कोणी उरलं नव्हतं. धाकटा दीर भिवा यानं वाटणी मागितली. गावकरानं, म्हणजे गावच्या मानकऱ्यानं, ती करून दिली. खालचा मळा भिवाला, घरामागचा कातळ आवडीला. कातळ मळ्याच्या दुप्पट होता, म्हणून वाटणी न्यायाची झाली असं सगळ्यांनाच वाटलं. आपल्या गावाला तेव्हाही अक्कल फार.

आता सडेवाडीची एक रीत होती. भात तयार झालं की ‘नवं’ करायचं. दर घरानं आपल्या जमिनीतली लोंबी आणायची आणि देवळाच्या तोरणात बांधायची. ज्याची लोंबी त्याचं घर. ओळीनं तीन वर्षं लोंबी आली नाही, तर घर मोडलं असं धरत. जागा भाऊबंदांना जाई आणि माणसानं वाट धरायची. आवडीला वाट धरून जायला ठिकाणच नव्हतं.

पहिल्या नव्याला ती रिकाम्या हातांनी गेली. कातळाला मध्ये एक मोठा खळगा होता, त्यात ती खरकटं पाणी आणि भाजीची देठं टाकायची. त्याच पावसाच्या शेवटी खळग्यात भोपळ्याचा वेल आला. लावला कोणीच नव्हता. आवडी त्याच्यापुढे बसून राहिली, नवी सून सासूपुढे बसते तशी. उठली ती बांबूची डाली, म्हणजे टोपली, घेऊनच.

तेव्हा गावातला केर लोक जाळायचे, नाहीतर पऱ्याच्या वाहत्या पाण्यात लोटायचे. म्हणजे खालच्या वाडीनं तो प्यायचा. आवडी सकाळी दारोदार फिरू लागली. सालं द्या, देठं द्या, पत्रावळ्या द्या, चुलीतली राख द्या. बायकांना करमणूक झाली.

‘‘काय गो आवडे, आज कोळंबीची सालं आहेत. पाट मांडू की उभ्यानंच जेवशील?’’

‘‘सालं दे,’’ आवडी म्हणाली, ‘‘पाट तुझ्या घोवाला मांड. दोन दिवस उपाशी दिसतोय.’’

जे कुजेल ते ती खळग्यात टाकायची. पाला, शेण, राख, पुन्हा पाला, असे थर. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या कडेला रचायची, म्हणजे पाऊस माती पळवणार नाही. चिंध्यांच्या गोधड्या शिवून ज्याच्या त्याला परत करायची. आठ दिवसांनी काठीनं सगळं खालीवर करायची. असं म्हणतात की थंडीत तो ढीग श्वास घ्यायचा, वाफ निघायची, आणि गावकराची म्हैस गोठा सोडून त्याला पाठ लावून बसायची.

दुसऱ्या नव्यालाही आवडीचे हात रिकामेच. पण खळग्याच्या तळाला वीतभर माती झाली होती. भिवा कापलेल्या भाताची उडवी कुठे रचायची म्हणून पावलांनी कातळ मोजायला आला. त्यानं सहज ढिगात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला आणि काळा होऊन बाहेर आला. कातळाला माती सुटलेली पाहून त्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. मग तो घरोघर सांगत सुटला की राखेबरोबर घरची लक्ष्मी जाते, ती आवडी टोपल्या भरून नेते आहे.

बस, गावानं दारं लावली. महिनाभर आवडीची डाली कोरडी राहिली. खळगा अर्धाच भरला होता, आणि आता एकच पाऊस हातात होता.

आवडी भांडली नाही, रडली नाही. दिवाळीच्या सकाळी बायका इडापीडा जाऊ दे म्हणत घरं झाडत होत्या, तेव्हा ती विहिरीवर गेली आणि कळशी घासता घासता म्हणाली,

‘‘भावजी बरोबर सांगतात. राखेत लक्ष्मी असते, ती ठेवा घरात. पण केरात पीडा असते ना, तीही ठेवायची का? माझ्या कातळावर टाका हवं तर. मी रांडमुंड बाई. माझ्याकडे पीडेला न्यायला काय उरलंय?’’

कळशी भरायच्या आत निम्मा गाव केराची पाटी घेऊन कातळावर. आपली पीडा आधी जावी म्हणून लोक पळत. कणगीमागचा, गोठ्यातला, माळ्यावरचा, खळ्यावरचा केर, आजेसासऱ्याच्या वेळेपासून साठलेला. पुढे ज्यांच्याकडे केर उरला नाही ते कासावीस झाले आणि रानातून पाला आणू लागले. सगळ्यांत जड पाटी भिवाच्या बायकोच्या डोक्यावर होती, आणि तिनं खबरदारी म्हणून राखही टाकली.

पाऊस लागला. असं म्हणतात की गांडुळं खालच्या मळ्यातून वर निघाली, जेवणाला बोलावल्यासारखी, ओळीनं. आणि आवडीनं मूठभर बी पेरायच्या आतच खळग्यात भात उगवलं होतं. खळ्यांच्या केरात दाणे होतेच. तांबडं, पांढरं, कुसळाचं, गावात जेवढ्या जातींचं भात होतं तेवढं सगळं एका ठिकाणी डुलत होतं.

तिसऱ्या नव्याला आवडी लोंब्यांचा भारा घेऊन देवळात आली. भिवा आडवा झाला. ही तांबडी लोंबी माझ्या बियाण्याची, म्हणून पीक माझं, म्हणाला. ते ऐकून बाकीच्यांनाही आपापल्या लोंब्या ओळखू यायला लागल्या. गावकरानं आवडीकडे पाहिलं.

‘‘असतील त्यांच्या,’’ ती म्हणाली. ‘‘न्याव्यात. पण एकाच पाटीतून आलंय सगळं. लोंबी नेणाऱ्यानं आपली पीडाही घेऊन जावी.’’

ओळखलेल्या लोंब्या सगळ्यांना पुन्हा परक्या वाटायला लागल्या. भिवानं हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. गावकरानं आवडीची लोंबी स्वतःच्या हातानं तोरणात बांधली, आणि आवडीचं घर राहिलं.

पुढे कातळभर माती पसरली. आवडी खूप म्हातारी झाली. असं म्हणतात की ती मेली नाहीच. एका सकाळी ढीग खालीवर करायला गेली आणि तिथेच माती होऊन पसरली. काठी तेवढी सापडली, तिला पालवी फुटली होती.

आजही सडेवाडीत केर जाळत नाहीत. नव्याच्या आदल्या दिवशी दर घरातून सालादेठांची एक पाटी आवडीच्या कातळावर जाते, सरपंचांची आधी, कारण पीडा त्यांचीच जास्त. त्या मातीतली ओंजळ घेऊन नवी सून परसात पहिलं बी लावते. आणि पाटीत कोणी प्लास्टिकची पिशवी दडवून टाकली, तर दुसऱ्या दिवशी ती धुऊन, वाळवून त्याच्याच दाराला लटकलेली असते. लोक म्हणतात, आवडीकाकीला कुजणार नाही ते चालत नाही. पिशवी लटकवताना तिला अजून कोणी पाहिलेलं नाही, पिशवी काढताना मात्र सगळा गाव पाहायला उभा असतो.