खिळ्यावरचा सोवळा ब्रश

अवजारं बोलायची आणि माणसं तेव्हाही ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. पांचाळांच्या वेल्डिंगच्या दुकानात तारेचे दोन ब्रश होते. एक दिवसभर गंजकी लोखंडी गेटं घासायचा. दुसरा फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला, खिळ्यावर कोरा टांगलेला.

"काय हे सोवळं!" लोखंडी ब्रश खिदळायचा. "वर्षातून चारदा काम आणि थाट देवघरातला!"

"तुझ्या तारांत गंज अडकलाय," खिळ्यावरचा म्हणायचा. "तो ॲल्युमिनियममध्ये गेला, तर जोड कच्चा राहील."

यावर पक्कड-हातोडीसुद्धा हसायच्या.

एकदा एका गवळ्याचा ॲल्युमिनियमचा दुधाचा कॅन तडकून आला. पांचाळ घाईत होते. हाताला लागला त्या लोखंडी ब्रशनेच त्यांनी तडा घासला. टॉर्च पेटताच जोड काळा पडला, त्याला भोकं पडली. पांचाळांनी मशीनला शिव्या दिल्या, गॅसला दिल्या, ॲल्युमिनियमच्या खानदानाला दिल्या. मग भोकं कशीबशी बुजवून, वरून चकचकीत करून कॅन देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी गवळी रिकामा कॅन आपटत आला. "पांचाळशेठ, चाळीस लिटर दूध रस्त्याने प्यायलं!"

पांचाळांनी खिळ्याकडे हात नेला.

"पण मी तर अगदी मन लावून घासलं होतं!" लोखंडी ब्रश कळवळून म्हणाला.

"हो ना," खिळ्यावरचा उतरता उतरता म्हणाला, "थोडी कामचुकारी केली असतीस, तर दूध वाचलं असतं."