उंबराखालचा खड्डा

राजाच्या न्यायसभेला अजून भिंती नव्हत्या आणि वडाच्या सावलीत न्याय होत असे, इतकी जुनी ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

त्या राज्यात एक रीत होती. ज्याला सभेत बोलता येत नसे, त्याने वकील करावा. वकिलाने बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यावी, "तुझं गुपित माझ्या पोटात राहील आणि माझा शब्द तुझ्यासाठीच खर्च होईल." ते पान निकाल लागेपर्यंत त्याने उपरण्याच्या गाठीत बांधून ठेवावं. मग माणसाने निर्धास्तपणे सगळं त्याच्यापुढे उघडं करावं.

एका गावात ओढ्याकाठी चिकणमातीची खाण होती. अख्खा कुंभारवाडा त्या मातीवर जगत होता. शेजारी पेरूची मोठी बाग होती. एके वर्षी बागवाल्याने कुंपण पुढे सरकवलं आणि सांगून टाकलं, की खाण आपल्याच हद्दीत येते. कुंभारांची चाकं थांबली. माती सुटली तर गावही सोडावं लागणार होतं.

सगळ्यांनी मिळून एका कुंभारणीला पुढे केलं. तिचा नवरा वारला होता, सासरे अंथरुणाला खिळले होते. पण हद्दीची खूण ठाऊक होती ती तिच्याच घराला.

ती गावातल्या नावाजलेल्या वकिलाकडे गेली. वकील फार गोड बोलायचा. ओसरीवर पेरूंची टोपली होती, आणि एक पेरू चिरून ठेवलेला होता, आतून गुलाबी. तिने भीत भीत विचारलं, की बागवाल्यांशी तुमचं काही नातंगोतं तर नाही ना?

"गाव म्हटलं की सगळ्यांशी ओळख असायचीच, बाई," वकील हसून म्हणाला आणि त्याने बेलाचं पान हातात घेतलं.

मग तिने सांगितलं. हद्द ठरली तेव्हा तिच्या आजेसासऱ्यांनी कोळसा आणि भाताचा कोंडा भरून एक मडकं हद्दीवर पुरलं होतं. कोळसा कधी कुजत नाही, म्हणून. मडक्याच्या काठावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. आणि ते मडकं होतं उंबराखाली.

"आणखी कुणाला सांगू नका हं," वकिलाने तिला बजावलं.

घरी येऊन तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं, तर ते खोकत खोकत उठून बसले. "अगं, उंबर मी लावला, तुझ्या नवऱ्याच्या बारशाला. मडकं त्याच्या कितीतरी आधीचं. ते करंजाखाली आहे, करंजाखाली."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण चुकीचं सांगून आलो! सकाळी उठून ती चूक सुधारायला वकिलाकडे निघाली. वाट उंबरावरून जात होती.

उंबराखाली खड्डा होता. माती अजून ओली होती. मुळं तुटून पांढरी दिसत होती.

आधी तिला वाटलं, काहीतरी आपल्याच समजण्यात चुकतंय. मग ओसरीवरचा तो चिरलेला पेरू आठवला. गुलाबी गराचे पेरू साऱ्या पंचक्रोशीत एकाच बागेत होत. ती तशीच मागे फिरली.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मग करंजाचं त्याला कळवायचं राहू दे."

सभा भरली. वकील उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, की माझ्या पक्षकार बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मडकं उंबराखाली आहे. तिथे खणावं. मिळालं नाही, तर आम्ही खाणीवरचा हक्क सोडतो. बागवाल्याने लगेच मान डोलावली.

तेव्हा कुंभारीण उठली. सगळ्यांच्या देखत वकिलापुढे जाऊन तिने हात पसरला.

"माझं पान परत द्या."

वकिलाला गाठ सोडावीच लागली. पान कधीच चुरगळून गेलं होतं.

न्यायाधीश सगळ्यांना घेऊन उंबराकडे गेले. खड्डा पाहून वकील म्हणाला, की कोल्ह्यांनी उकरलं असेल.

"कोल्हे आता कुदळ घेऊन हिंडतात वाटतं," मागून एक कुंभार म्हणाला.

"मडकं इथे नाहीच," कुंभारीण म्हणाली. "ही जागा मी चुकून सांगितली. आणि ही चूक मी फक्त यांच्याजवळ केली होती."

करंजाखाली खणलं. काळाभोर कोळसा भरलेलं मडकं वर आलं, काठावर अंगठ्याचा ठसा घेऊन. न्यायाधीशांनी बागवाल्याला विचारलं, की उंबराचं तुला कुणी सांगितलं. स्वतःवर बेतताच त्याने वकिलाकडे बोट केलं.

"यांनी. यांच्या घरावरची कौलं माझी आहेत. मला नाही सांगणार तर कुणाला?"

वकील पुटपुटला, की मी दोघांचंही भलं पाहत होतो, तंटा लवकर मिटावा एवढाच हेतू होता.

कुंभारीण त्याच्याकडे वळली. "बागवाले माझे वैरी. ते वैऱ्यासारखे वागले. पण तुम्ही माझे होतात. त्यांचे पेरू खात होतात, तर दारातच सांगायचं, 'बाई, दुसरा वकील बघ.' मी नमस्कार करून परत गेले असते. तुम्ही मला ओसरीवर बसवलंत, शपथ घेतलीत, माझ्या तोंडून सगळं काढून घेतलंत आणि त्यांच्या कुदळीला वाट दाखवलीत."

न्यायाधीशांनी तिथेच निकाल दिला.

कुंपण मागे गेलं, आणि बागवाल्याला ते स्वतःच्या हातांनी उपटावं लागलं. वकिलाचं उपरणं काढून घेतलं, त्याने पुन्हा कुणासाठी बोलायचं नाही असं ठरलं. बागवाल्याने त्याच्या घरावरची कौलं उतरवून नेली. जो तिचं माझ्याकडे आणतो, तो माझं आणखी कुणाकडे नेईल, असं तो म्हणाला.

पुढे कुंभारवाड्यात चाकं फिरू लागली. वकील मात्र पारावर येऊन बसला, की माणसं बोलता बोलता गप्प होत. ओढ्याला पाणी किती आलंय, एवढं साधंसुद्धा त्याला कुणी सांगेना.

ज्याचं गुपित पोटात घ्यायचं, त्याला आपण कुणाच्या ताटात जेवतो ते आधी सांगावं. ते लपवून घेतलेली शपथ ही विश्वासाची चोरीच असते.