वाकलेली पिन

घाटाखालच्या एका गावात भिकाजी नाईक नावाचे निवृत्त तलाठी राहत. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांची जुनी गाडी होती. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा तिचा कॉम्प्युटर बिघडला. कंपनीने तो बनवणं केव्हाच बंद केलं होतं.

गावात कुंदा मेस्त्री हिने नुकतंच गॅरेज काढलं होतं. ती म्हणाली, "काका, दुसऱ्या बनावटीचा कॉम्प्युटर बसवू. पण एकेक तार तपासून जोडायची, चार दिवस लागतील."

"एवढ्याशा डब्याला चार दिवस?" नाईकांच्या मनात पाल चुकचुकली.

चारही दिवस ते गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसले. कुंदा वाकली की तेही वाकत. ती चहाला गेली की ते काढलेले नटबोल्ट मोजत. एकही कमी भरेना, तसा त्यांचा संशय वाढला. म्हणजे आतलंच काहीतरी काढलं असणार!

गाडी घरी आली. पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तरी नाईकांना चैन पडेना. डबा खरा की पोकळ, हे बघायला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून त्याला तारा जोडणारा प्लग उपटला, आत डोकावले आणि काही न कळल्यामुळे तो पुन्हा दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी बायकोला, सुलोचनाबाईंना घेऊन निघाले, तर ऐन घाटात गाडी बंद पडली. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाल्यानेच गाडी ओढून गावात आणली. बाजाराचा दिवस होता. नाईक भर बाजारात ओरडले, "कुंदाने खोटा माल घातला! आम्ही मरता मरता वाचलो!"

कुंदा धावत आली. तिने प्लग उघडून पाहिला.

"काका, पिन वाकलीय. प्लग कुणी काढला होता?"

"मी नाही," नाईक म्हणाले.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पिन सरळ केली, गाडी सुरू करून दिली आणि ती निघून गेली.

महिन्याभरात तिचं गॅरेज ओस पडलं. एके सकाळी सुलोचनाबाई म्हणाल्या, "कुंदा अवजारं विकायला काढतेय म्हणे." नाईकांनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठून तिच्याकडे गेले.

"प्लग मीच काढला होता, पोरी."

"मला तेव्हाच कळलं होतं," कुंदा म्हणाली. "मला कशाला सांगता? बाजाराला सांगा."

नाईक बाजारात गेले. मासेवालीपासून सरपंचापर्यंत प्रत्येकाला त्यांनी आपली चूक सांगितली. लोक मान डोलवत. मग पाठ वळली की एकमेकांना म्हणत, "म्हाताऱ्याला तिने दम भरलेला दिसतो."

त्या वर्षी कुंदाच्या गॅरेजात एकच गाडी येत राहिली. नाईकांची.

तात्पर्य: शहानिशा केल्याशिवाय मनातला संशय चारचौघांत बोलू नये. एकदा पसरलेला संशय पसरवणाऱ्यालाही परत गोळा करता येत नाही.